सही करू का नको? रिकॉलबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मतदार नोंदणीवर लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत नगरसेवकाला मुदत संपायच्या आधीच घरी पाठवायची सोय आहे आणि तिला रिकॉल म्हणतात. बाकीच्या चार पानांवर आल्या नाहीत एवढ्या मेल त्या एका ओळीवर आल्या. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत, नावं सगळी काढून टाकलीत. आधीच सांगून ठेवते, मी वकील नाही. सिअ‍ॅटलमध्ये बरीच वर्षं राहिलेली आणि कपड्यांच्या घड्या घालता घालता कौन्सिलच्या मीटिंगा ऐकणारी बाई आहे, त्यामुळे जिथे खरंच कायदेशीर भानगड आहे तिथे मी तुम्हाला वकिलाकडेच पाठवणार.

प्रश्न: ताई, आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात राहतो. माझं ग्रीन कार्ड आहे, नवरा सिटिझन. शनिवारी ग्रोसरीच्या दुकानाबाहेर एक मुलगा क्लिपबोर्ड घेऊन उभा होता, आमच्या कौन्सिल मेंबरला काढायचंय म्हणाला. मी म्हटलं मी सिटिझन नाही, तर म्हणे काही हरकत नाही, मत थोडंच द्यायचंय, फक्त सही आहे. मी केली. आता रात्री झोप नाहीये. काही होईल का?

आधी घोटभर पाणी प्या. "फक्त सही आहे" हे वाक्य त्या मुलाने त्या दिवशी शंभरदा तरी म्हटलं असणार, कारण ही मुलं पुष्कळदा दर सहीमागे पैसे मिळतात म्हणून उभी असतात, त्यांना तुमच्या व्हिसाशी काही घेणंदेणं नसतं. पण ते वाक्य चूक आहे. रिकॉलच्या अर्जावर सही करायची तर तुम्ही त्या शहरात, आणि वॉर्डाचा मेंबर असेल तर त्याच वॉर्डात, नोंदवलेले मतदार असायला लागता. ग्रीन कार्डवाले मतदार नसतात म्हणजे त्यांची सही चालत नाही, विषय संपला.

आता होईल काय, तर अर्ज जमा झाला की निवडणूक कार्यालयातली माणसं सह्या मतदार यादीशी ताडून बघतात, तुमचं नाव यादीतच नाही म्हणून तुमची सही बाद होणार. पण त्या भरवशावर बसू नका. कॅलिफोर्नियात अर्ज जमा व्हायच्या आधी लेखी कळवून सही मागे घेता येते, तर सोमवारी सकाळी निवडणूक कार्यालयाला फोन करा, पत्र कसं हवं ते विचारा, द्या, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.

आणि हा मुद्दा नीट आठवून बघा: त्या मुलाने तुमच्याकडून दुसरा एखादा फॉर्म भरून घेतला का? कारण क्लिपबोर्डवाल्यांकडे मतदार नोंदणीचे फॉर्मही असतात आणि "रजिस्टर नाही? मग हा पण भरा" असं होऊ शकतं. त्यावर मी सिटिझन आहे अशी खूण असते. ती खूण सिटिझन नसताना केली तर प्रकरण थेट इमिग्रेशनपर्यंत जातं, पुढे सिटिझनशिप अडकू शकते, डिपोर्टेशनपर्यंतही जाऊ शकतं. तसं काही झालं असेल तर मला मेल नको, इमिग्रेशनच्या वकिलाला आजच फोन करा.

नवऱ्याचं विचारलं नाहीत तरी सांगते. तो मतदार असेल आणि तुमचं घर त्या वॉर्डात असेल तर त्याने खुशाल सही करावी, पण स्वतःच्या हाताने, नाव पत्ता सगळं स्वतः लिहून. "माझ्या बायकोची पण करतो" हे चालत नाही. आणि करायच्या आधी कागद वाचावा, कॅलिफोर्नियाच्या अर्जावर का काढायचं ते दोनशे शब्दांपर्यंत छापलेलं असतं आणि त्या मेंबरने उत्तर दिलं असेल तर तेही तितक्याच शब्दांत त्याच कागदावर असतं. दोन्ही बाजू हातातल्या कागदावर असतात, पण क्लिपबोर्डच्या क्लिपखाली नेमका तोच मजकूर दाबलेला असतो, हे मी स्वतः बघितलंय.

प्रश्न: मी पुण्यात असतो. आमच्या शाळेच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलं की क्षमा सावंत, जन्म पुण्याचा, वाढल्या मुंबईत, सिअ‍ॅटलच्या नगरसेविका, त्यांना भ्रष्टाचारात कोर्टाने दोषी ठरवलं आणि लोकांनी काढून टाकलं. एकजण म्हणतो काढलं, दुसरा म्हणतो वाचल्या. नक्की काय?

वाचल्या. 310 मतांनी. आणि कोर्टाने दोषी वगैरे ठरवलेलं नाही, पण कोर्टात प्रकरण गेलं होतं हे खरंय, त्यामुळे फॉरवर्ड करणाऱ्याचा गोंधळ कुठून झाला असेल ते मला कळतं. मी त्याच वॉर्डात राहात होते, डिस्ट्रिक्ट 3, म्हणजे कॅपिटल हिल आणि आजूबाजूचा भाग, त्यामुळे जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

बाई 2013 मध्ये पहिल्यांदा निवडून आल्या, रिचर्ड कॉनलिन नावाच्या सोळा वर्षं कौन्सिलवर असलेल्या माणसाला हरवून. उघड उघड समाजवादी, इकॉनॉमिक्स शिकवणाऱ्या. पुढच्याच वर्षी सिअ‍ॅटलने तासाला 15 डॉलर किमान वेतनाचा कायदा केला त्यात त्यांचा आवाज मोठा होता. 2015 ला परत, 2019 ला परत. 2019 ची तर फारच गाजली कारण अ‍ॅमेझॉनने त्या वर्षीच्या कौन्सिलच्या निवडणुकांसाठी सावंतांच्या विरोधकाला पाठिंबा देणाऱ्या व्यापाऱ्यांच्या गटाला जवळपास दीड मिलियन डॉलर दिले होते. म्हणजे त्यांच्यावर प्रेम करणारे पण भरपूर आणि नाव काढलं की कपाळावर आठ्या पडणारे पण भरपूर, मधे कोणी नाही.

मग आलं 2020. कोविड, पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा खून, रोज मोर्चे, आणि आमच्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर पोलीस चौकी सोडून पोलीस निघून गेलेले. त्या ऑगस्टमध्ये वॉर्डातल्या एका रहिवाशाने रिकॉलचा अर्ज टाकला.

आता कॅलिफोर्निया आणि सिअ‍ॅटल जिथे आहे ते वॉशिंग्टन राज्य यांत मोठा फरक आहे तो बघा. कॅलिफोर्नियात "आम्हाला हा माणूस आवडत नाही" एवढं कारणही पुरतं. वॉशिंग्टनमध्ये नाही पुरत. इथे 1912 पासून राज्यघटनेतच रिकॉल आहे पण कारण लागतं, पदाचा गैरवापर किंवा शपथेचा भंग असं काहीतरी, आणि ते आरोप आधी कोर्टात जातात. कोर्ट ते खरे का खोटे हे बघतच नाही. समजा हे खरं असेल, तर एवढ्यावर माणसाला काढायचा प्रश्न लोकांपुढे ठेवण्याइतका हा आरोप गंभीर आहे का, एवढंच कोर्ट ठरवतं. खरं खोटं ठरवणार मतदार. तुमच्या ग्रुपवरचं "कोर्टाने दोषी ठरवलं" आलंय ते इथून, कोर्टाने म्हटलं हे आरोप मतदारांपुढे जाऊ शकतात, आणि तीन माणसांच्या हातातून जाता जाता त्याचं झालं दोषी.

सुरुवातीला आरोप सहा होते. खालच्या कोर्टाने चार ठेवले, मग एप्रिल 2021 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तीन ठेवले. एक, अ‍ॅमेझॉनवर कर लावा या मोहिमेसाठी सिटीचे पैसे आणि ऑफिस वापरलं. दोन, जून 2020 मध्ये कोविडमुळे बंद असलेला सिटी हॉल रात्री उघडून शेकडो आंदोलकांना आत घेतलं. तीन, तेव्हाच्या महापौर जेनी डर्कन यांच्या घरावर मोर्चा नेला, आणि डर्कन आधी केंद्र सरकारच्या वकील असल्याने त्यांचा पत्ता राज्याच्या नियमाने गुप्त ठेवलेला होता. मोर्चात होते पण तो नेला मी नाही, असं सावंतांचं म्हणणं.

यातला पहिला आरोप त्यांनी शहराच्या एथिक्स कमिशनपुढे मान्य करून टाकला होता आणि साडेतीन हजार डॉलरच्या आसपास दंडही भरला. म्हणून अगदी धुतल्या तांदळासारख्या होत्या असंही मी म्हणणार नाही. पण सिटीच्या खर्चाने पोस्टर छापली वगैरे, आपल्या डोक्यात भ्रष्टाचार म्हटल्यावर जे पाकीट येतं ते हे नव्हे. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ऐकण्यासारखं होतं. माझी शेजारीण म्हणायची की नियम मोडला तर मोडला, रक्कम लहान म्हणून सोडायचं का, उद्या दुसऱ्या पक्षाच्या कोणी केलं तर तुम्हीच बोंब माराल. बरोबर होतं तिचं.

मग सह्या. 10,739 लागणार होत्या. हा आकडा कुठून आला ते खाली एका प्रश्नात येईलच. आणि मग एक गंमत झाली जी मी आयुष्यात विसरणार नाही, जुलैमध्ये सावंतांच्याच माणसांनी त्यांना काढायच्या अर्जासाठी सह्या गोळा करायला सुरुवात केली आणि बाईंनी स्वतः स्वतःच्या रिकॉलवर सही केली! माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. कारण असं होतं की निवडणूक आता टळत नाही हे दिसत होतं, मग ती नोव्हेंबरच्या मोठ्या निवडणुकीबरोबर व्हावी, जेव्हा भाड्याने राहणारे, तरुण, सगळे मत देतात. रिकॉलवाल्यांनी सह्या दिल्या सप्टेंबरमध्ये, नोव्हेंबरची वेळ टळून गेलेली, आणि तारीख पडली 7 डिसेंबर 2021. थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमसच्या मधला आठवडा. सावंतांची बाजू म्हणाली मुद्दाम केलं, मतदान कमी व्हावं म्हणून. रिकॉलवाले म्हणाले कोर्टातच इतका वेळ गेला त्याला आम्ही काय करणार.

त्या दिवसांत आमच्या भागात फूटपाथवर टेबलं, तंबू, पाऊस, आणि टेबलावर चक्क प्रिंटर. वॉशिंग्टनमध्ये मतपत्रिका घरी पोस्टाने येते, हरवली तर ऑनलाइन काढून दुसरी छापता येते, तर सावंतांची पोरं रस्त्यावरच छापून देत होती. ते कायद्यात बसतं का यावर रिकॉलवाल्यांची आरडाओरड. मतदान शेवटी 53 टक्क्यांच्या आसपास झालं, डिसेंबरात एकट्याच होणाऱ्या निवडणुकीला एवढं कोणी धरलंच नव्हतं.

प्रश्न: मग पहिल्या रात्री त्या हरल्या अशी बातमी कशी आली होती? मी तेव्हा वाचल्याचं आठवतंय. नंतर मतं कुठून आली?

बऱ्याच लोकांनी हा विचारलाय, आणि सूर असा की काहीतरी गडबड असणार. नाही हो. पहिल्या रात्री काढा म्हणणारे 53 टक्क्यांच्या आसपास होते. पण इथे मतपत्रिकेवर निवडणुकीच्या दिवसापर्यंतचा पोस्टाचा शिक्का असला की ती चालते, मग ती दोन दिवसांनी पोचली तरी. शिवाय शेवटच्या दिवशी ड्रॉप बॉक्स, म्हणजे रस्त्यावरच्या मतपत्रिका टाकायच्या पेट्या, भरून वाहतात. म्हणजे पहिल्या रात्री मोजलेली मतं ही वेळेवर बिल भरणाऱ्या माणसांची, ज्यांची घरं आहेत, वय जास्त आहे. उशिरा येणारी मतं तरुणांची, भाडेकरूंची. सिअ‍ॅटलमध्ये उशिराची मतं डावीकडे झुकतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, 2019 ला पण सावंत पहिल्या रात्री आठेक टक्क्यांनी मागे होत्या आणि शेवटी चार टक्क्यांनी जिंकल्या. यावेळी शुक्रवारपर्यंत पारडं फिरलं आणि शेवटी एकूण साधारण 41 हजार मतांत फरक राहिला 310.

प्रश्न: माझ्या आईने (वय 71, सिटिझन, मागच्याच वर्षी झाली) रिकॉलमध्ये मत दिलं. तिला त्या मेंबर आवडतात म्हणून तिने येस केलं. नंतर कळलं येस म्हणजे काढा. पाकीट पेटीत टाकून झालंय. आता?

आता काही नाही. टाकलेलं मत परत घेता येत नाही, आईंना म्हणावं तुम्ही एकट्या नाही. प्रश्न असतो "अमुक व्यक्तीला पदावरून काढावं का", त्यामुळे आवडती व्यक्ती असेल तर नो. आयुष्यभर आवडत्या माणसाच्या चिन्हावर शिक्का मारलेल्या बाईला हे उलटं वाटणारच. पुढच्या वेळी भरायच्या आधी प्रश्न मराठीत मोठ्याने म्हणून बघा, आपोआप उत्तर येतं.

एकच, त्यांच्या मतपत्रिकेवर काढलं तर पुढे कोण याचाही प्रश्न होता का असं तुम्ही विचारलंय. कॅलिफोर्नियात स्थानिक रिकॉलमध्ये 2023 पासून तो भाग साधारणपणे नसतो, फक्त काढायचं का नाही एवढंच, जागा रिकामी झाली तर शहराच्या नेहमीच्या नियमाने भरतात. गव्हर्नरचं वेगळं, तिथे दोन प्रश्न असतात, 2021 मध्ये गॅव्हिन न्यूसम यांच्या वेळी खाली 46 उमेदवारांची यादी होती. त्या एका निवडणुकीला राज्याचे 200 मिलियन डॉलर गेले आणि ते आहेत तिथेच राहिले.

प्रश्न: आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ग्रुपमध्ये एकजण म्हणतो 25 टक्के सह्या लागतात, सिअ‍ॅटलचा मित्र पण म्हणतो 25 टक्केच. मग त्यांना दहा हजारात काम झालं आणि आम्हाला त्याहून कितीतरी जास्त का?

शाब्बास, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. 25 टक्के कशाचे, यातच सगळी मेख आहे. सिअ‍ॅटलला ते त्या जागेसाठी मागच्या निवडणुकीत पडलेल्या मतांचे. 2019 ला डिस्ट्रिक्ट 3 मध्ये 42,956 मतं पडली, त्याचा चौथा भाग 10,739, आला ना तो आकडा. न्यू जर्सीत 25 टक्के आहेत ते नोंदवलेल्या मतदारांचे, मग ते मत द्यायला जावोत न जावोत. नगरपालिकेच्या निवडणुकीला किती लोक फिरकतात ते तुम्हाला माहितीये, त्यामुळे तुमचा डोंगर त्यांच्या टेकडीपेक्षा कितीतरी मोठा. शिवाय तिथे पदावरचं पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आधी रिकॉलची निवडणूक होत नाही. न्यू जर्सीत सह्यांची बोलणी खूप होतात आणि मतपत्रिका क्वचितच छापली जाते ती यामुळे.

कॅलिफोर्नियात पण नोंदवलेल्या मतदारांचेच, पण शहर मोठं तसा टक्का कमी, लहान गावात 30 आणि लाखाच्या वर मतदार असतील तर 10. पहिले 90 दिवस नाही आणि मुदतीचे शेवटचे सहा महिने नाही. आणि मोठ्या शहरांची स्वतःची चार्टर, म्हणजे शहराच्या घटनाच, असतात त्यांचे नियम आणखी वेगळे असू शकतात. न्यूयॉर्कवाल्यांनी हे पान उलटलं तरी चालेल, तिथे रिकॉलच नाही. टेक्सासवाल्यांनी आपल्या शहराचं चार्टर उघडून बघा, राज्याच्या कायद्यात नाही पण बऱ्याच शहरांनी स्वतः लिहून घेतलंय.

प्रश्न: आमच्या मेंबरने निवडणुकीत सांगितलं एक आणि केलं दुसरंच. आमच्या घरासमोरचा रस्ता बदलला, पार्किंग गेलं, मीटिंगला गेलो तर दोन मिनिटं बोलू दिलं. शेजाऱ्यांनी रिकॉलची समिती काढलीये, मला खजिनदार व्हा म्हणतायत. राग तर प्रचंड आहे. होऊ का?

राग खरा आहे तुमचा, आणि रस्त्याचा राग साधा नसतो. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सप्टेंबर 2025 मध्ये जोएल एन्गार्डिओ या सुपरवायझरला (तिथे नगरसेवकाला तसं म्हणतात) लोकांनी साठ टक्क्यांहून जास्त मतांनी काढलं, कशावरून, तर समुद्राकाठचा ग्रेट हायवे गाड्यांना बंद करून तिथे पार्क करायच्या ठरावाला त्यांनी पुढाकार दिला म्हणून. आता गंमत अशी की तो ठराव सगळ्या शहराने मतदान करून मंजूर केला होता. पण त्यांच्या स्वतःच्या वॉर्डाला, म्हणजे रोज त्या रस्त्याने जाणाऱ्यांना, तो नको होता. शहर हो म्हणालं, वॉर्ड नाही म्हणाला, आणि माणूस गेला. रस्ता काही परत उघडला नाही त्याने. हे शेवटचं वाक्य जरा परत वाचा, कारण तुम्हाला तुमचं पार्किंग हवंय का मेंबर जायला हवाय, हे तुम्ही मेलमध्ये कुठेच लिहिलेलं नाहीये.

खजिनदाराचं म्हणाल तर ते शोभेचं पद नाही. प्रत्येक देणगीची नोंद, ठरलेल्या तारखांना रिपोर्ट, चुकलं तर दंड, आणि तुमचं नाव सार्वजनिक कागदावर कायमचं. माझ्या ओळखीच्या एका काकांनी हौसेने घेतलं होतं आणि पुढचे चार महिने जेवणाच्या टेबलावर पावत्यांनी भरलेले बुटांचे खोके ठेवून बसले होते, काकू वेगळ्या टेबलावर जेवायच्या. सोसायटीच्या गणपतीचा हिशोब ज्याला आवडतो त्यानेच घ्यावं.

आणि तारीख बघा. मेंबरची मुदत कधी संपते? वर्षभरात निवडणूक असेल तर सह्या, तपासणी, तारीख यातच ते वर्ष जाईल, तेवढ्या कष्टात एक चांगला उमेदवार उभा करता येतो. अडीच तीन वर्षं शिल्लक असतील आणि माणसाने खरंच काही गैर केलं असेल तर गोष्ट वेगळी. ही पद्धत निघाली ती अशाच रागातून. लॉस एंजेलिसमध्ये 1903 ला एका डॉक्टरांनी, जॉन हेन्स त्यांचं नाव, हट्टाने चार्टरमध्ये घालून घेतली, आणि पुढच्याच वर्षी डेव्हनपोर्ट नावाच्या कौन्सिलमनला लोकांनी काढलं कारण शहराच्या छपाईचं कंत्राट कमी दरवाल्याला न देता जास्त दरवाल्या वर्तमानपत्राला दिलं होतं. बघा म्हणजे, कंत्राट! वाचून कसं घरच्यासारखं वाटतं.

आमच्या सिअ‍ॅटलचा जुना किस्सा तर आणखी भारी. 1911 मध्ये महापौर हायरम गिल यांना काढलं, शहरात जुगार आणि कुंटणखाने मोकाट सोडले म्हणून, आणि त्यात मोठा हात बायकांचा कारण वॉशिंग्टनमध्ये बायकांना मताचा हक्क मिळून तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. आणि 1914 ला त्याच गिलना लोकांनी परत महापौर केलं. तेव्हा समिती काढायची तर काढा पण मेंबर कायमचा गेला असं धरून मिठाई वाटू नका.

प्रश्न: आपल्याकडे भारतात नगरसेवकाला असं परत बोलावता येतं का?

महाराष्ट्रात नगरसेवकाला मतदार सह्या करून काढू शकत नाहीत. मध्य प्रदेशात नगरपालिकेच्या अध्यक्षासाठी आहे, लोक त्याला खाली कुर्सी भरी कुर्सी म्हणतात, मतपत्रिकेवर एक रिकामी खुर्ची आणि एक माणूस बसलेली खुर्ची. पण तिथेही सुरुवात लोक करत नाहीत, आधी तीन चतुर्थांश नगरसेवकांनी मागणी करायची, मग लोक मत देतात. खुर्चीचं चित्र मात्र मला फार आवडतं, तुमच्या आईंचा येस नोचा घोटाळा त्याने झाला नसता.

प्रश्न: ताई सगळ्यांना सल्ले देता, सावंतांच्या रिकॉलला तुम्ही काय मत दिलंत ते सांगा की.

सांगते, आता त्या कौन्सिलवर नाहीत, 2023 ला परत उभ्याच राहिल्या नाहीत. जाता जाता त्या वर्षी फेब्रुवारीत जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा करून गेल्या, अमेरिकेतलं असं करणारं पहिलं शहर सिअ‍ॅटल, त्यावरून आपल्या लोकांत जी भांडणं झाली त्यावर वेगळा अंक निघेल.

मी 2019 ला त्यांना मत दिलं नव्हतं. मला त्यांचं बोलणं दमवायचं, प्रत्येक मीटिंग म्हणजे मोर्चा. महापौरांच्या घरावर जाणं तर मला अजिबात पटलं नव्हतं, घरात मुलंबाळं असतात. तरी रिकॉलला मी नो केलं, कारण दोन वर्षांनी निवडणूक होतीच आणि तीन आरोपांपैकी ज्याचा दंड भरून झाला होता त्यासाठी परत वेगळी निवडणूक मला जड वाटली. आमच्या ह्यांनी येस केलं. ते म्हणाले गुप्त पत्ता म्हणजे गुप्त पत्ता, यात काय विचार करायचाय. आठवडाभर घरात तोच विषय, शेवटी मुलगी म्हणाली तुम्ही दोघं एकमेकांना कॅन्सल करताय तर निदान गाडीने तरी एकत्र जा.

मग गेलो, पावसात, ब्रॉडवेवर कॉलेजपाशी ड्रॉप बॉक्स आहे तिथे. दोन पाकिटं टाकली. तीन दिवसांनी ह्यांना काउंटीकडून पत्र, सही जुळत नाही, नवी सही करून पाठवा नाहीतर मत मोजणार नाही. त्या दिवसात फरक दोनशे तीनशेवर आलेला, आणि ते पत्र फ्रीजवर लावून हे म्हणतात विसरलो तर तू जिंकलीस. मी म्हटलं असं नको, आत्ता माझ्यासमोर करा सही. केली, मीच जाऊन पोस्टात टाकली. आठवड्याने ऑनलाइन बघितलं, दोघांचीही मोजली गेली. 310 च्या त्या फरकात आमच्या घराचा वाटा शून्य.